खिडकीतलं मिठागर

तिसऱ्या दिवशी आमची पाळी उजवीकडच्या दुसऱ्या रांगेत आली. ग्रुप टूरच्या बसमध्ये रोज सकाळी जागा सरकतात. काल पुढे बसलेले आज मागे जातात, मागचे पुढे येतात, म्हणजे कुणाच्या मनात काही राहत नाही. आईनं खिडकी घेतली. स्लोव्हेनियातल्या पोर्तोरोझ गावातून निघून आम्ही क्रोएशियाच्या इस्त्रिया भागाकडे चाललो होतो. टूर मॅनेजर माइकवर दिवसाचा कार्यक्रम सांगत होता, मागे कुणीतरी चिवड्याचं पाकीट फोडलं होतं. दहा मिनिटंही झाली नसतील. आईनं एकदम काचेला दोन्ही हात टेकले आणि म्हणाली, "अगं, मिठागर!"

मी वाकून बघेपर्यंत निम्मं मागे गेलं होतं. पण जे दिसलं ते ओळखायला मलाही वेळ लागला नाही. उथळ पाण्याचे चौकोन, त्यांच्यामधून आखल्यासारखे सरळ बांध, बांधाच्या कडेला पांढऱ्या राशी, आणि कंबरेत वाकलेली दोन-तीन माणसं. त्यांच्या मागे समुद्र. मिनिटभरात रस्ता वळला, झाडं आली आणि सगळं पुसलं गेलं. मॅनेजर म्हणाला, "आत्ता उजवीकडे गेली ती सेचोवल्येची मिठागरं, सातशे वर्षांहून जुनी आहेत," आणि तो पुला शहरातल्या जेवणाच्या वेळेकडे वळला.

आई पुढचे कितीतरी किलोमीटर मान मागे वळवून बसली होती.

माझे वडील पेणजवळच्या एका आगरावर हिशेबनीस होते. तीस वर्षं त्यांनी मिठाच्या खंड्या मोजल्या. दिवाळीनंतर बांधांची डागडुजी, मग आगरी बायामाणसांनी वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून सिमेंटसारखा घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी आत घ्यायचं आणि उन्हावर सोपवायचं. मग मे संपेपर्यंत मीठ ओढायचं. आई रोज बाराच्या उन्हात डबा घेऊन बांधावरून चालत जायची. तिच्या आठवणीत उन्हाळा म्हणजे आंबे नंतर, आधी तो बांध. डोळे दिपवणारं पांढरं, आणि पायाखाली चर्र वाजणारं. आता आमच्या त्या भागातले कितीतरी आगर बंद आहेत. काहींचे बांध फुटून आत कांदळवन माजलंय, काहींवर भराव पडलाय. वडील गेल्याला अकरा वर्षं झाली.

तिला एकदा परदेश दाखवायचा हे माझ्या मनात फार दिवस होतं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखरे, मराठीखेरीज दुसरी भाषा नाही. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो तेव्हा तिच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला उमटेना. तीन वेळा पुसला, ओला केला, दाबला. चौथ्यांदा कुठे उमटला. मी स्वतः दोनदा एकटी, पाठीवर पिशवी टाकून फिरलेली आहे, आणि बसच्या सहलींबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. मेंढरांसारखं उतरायचं, फोटो काढायचे, परत चढायचं. मलाही तसंच वाटायचं. आठ दिवस आईशेजारी बसून फिरल्यावर ते मत मी मनापासून मागे घेते.

कारण एक तर अशी सहल नसती तर आई गेलीच नसती. बसची पायरी, हात धरणारा ड्रायव्हर, दर दोन तासांनी येणारं स्वच्छतागृह, रात्री पानात वरण-भात, या गोष्टींवर तिचा प्रवास उभा होता. आमचे चौतीस लोक होते आणि त्यांतल्या निम्म्यांचा तसाच उभा होता. दुसरं म्हणजे ती खिडकी. ठिकाणं सगळेच बघतात, पण दोन ठिकाणांच्या मधला मुलूख बसच्या उंच खिडकीतून जितका सलग दिसतो तितका विमानातून दिसत नाही, रेल्वेतूनही नाही. समुद्र कुठे संपला, माती कुठे लाल झाली, ऑलिव्ह जाऊन पाईन कुठे सुरू झाले, हे सगळं एका पट्टीवर वाचल्यासारखं दिसतं. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं. दिवसाचे नऊ तास ही साधारण मर्यादा, आणि गाडीतलं यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवतं. त्यामुळे रस्त्याकडेच्या कुठल्याही न ठरवलेल्या गोष्टीसाठी बस उभी राहत नाही. पण त्याच नियमामुळे कुठल्या तरी अनोळखी पेट्रोलपंपामागे अर्धापाऊण तास मिळतो, तिथे गवताचा वास येतो, डोंगर नीट बघता येतो. आई असल्या थांब्यांना "विसावा" म्हणायची. वारीतला शब्द आहे तो.

त्या दिवशी रोविन्य आणि पुला झालं. रोविन्य पूर्वी बेट होतं, अठराव्या शतकात मधली खाडी बुजवून ते जमिनीला जोडलं. टेकडीवर संत युफेमियाचं चर्च, मनोऱ्याच्या टोकावर तिचा तांब्याचा पुतळा आणि तो वाऱ्याबरोबर फिरतो. कोळी त्याच्याकडे बघून हवा ओळखत आले. पुलाचं रोमन रंगमंडल पहिल्या शतकातलं, बाहेरची भिंत अजून पूर्ण उभी. तिथे ऊन भयंकर होतं आणि आम्ही फार थांबलो नाही.

परतताना सांगलीच्या गुरुजींनी मात्र सगळ्यांना समुद्राकडे बघायला लावलं. गुरुजी आमच्या गटातले सगळ्यात मोठे, ऐंशीला टेकलेले, आयुष्यभर शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवलेला. "ती बेटं बघा, ब्रियुनी. १९५६ च्या जुलैत तिथं नेहरू, युगोस्लाव्हियाचे टिटो आणि इजिप्तचे नासर बसले होते. अलिप्ततावादाचं बोलणं तिथलं." नंतर इंदिरा गांधींनी टिटोंना दोन हत्ती भेट दिले, सोनी आणि लंका, आणि ते त्या बेटावर राहिले, हेही त्यांनी सांगितलं. युगोस्लाव्हिया हा देशच आता नाही. गुरुजींनी तो शब्द जसा उच्चारला त्यावरून कळत होतं की फळ्यावर टांगलेल्या नकाशात त्यांनी तो शेकडो वेळा छडीनं दाखवला असणार. हत्तींची गोष्ट आईला फार लागली. "एवढ्या पाण्यातनं नेलं असेल त्यांना?" ती दोनदा म्हणाली.

परतीच्या वाटेवर मिठागर डाव्या बाजूला आलं आणि आम्ही उजवीकडे. आई उठून उभी राहिली. चालत्या बसमध्ये उभं राहायचं नाही असा नियम, पण डावीकडच्या नाशिकच्या काकूंनी काही न विचारता पाय आत घेतले आणि तिला कडेला टेकू दिलं. संध्याकाळचे सात वाजले असतील. जूनमध्ये तिथे नऊपर्यंत उजेड असतो. वाफ्यांमध्ये उतरतं ऊन आडवं पडलं होतं आणि प्रत्येक चौकोनाचा रंग वेगळा होता, एक शिसवी, एक गुलाबीसर, एक नुसतं आभाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिरान पाहायचं आणि दुपार मोकळी. पिरान हे समुद्रात घुसलेल्या जिभेवरचं गाव. आत मोठ्या गाड्यांना मज्जाव, त्यामुळे बस बाहेर सोडून चालत जायचं. मधोमध एक लंबगोल चौक आहे, तार्तिनी चौक. व्हायोलिनवादक ज्युझेप्पे तार्तिनी १६९२ मध्ये या गावात जन्मला, त्याचा पुतळा तिथे उभा आहे. हा चौक म्हणजे पूर्वी होड्या उभ्या करायचं आतलं बंदर होतं. १८९४ मध्ये ते बुजवलं. कोपऱ्यावर एक तांबड्या रंगाचं व्हेनिशियन घर, त्यावर सिंह कोरलेला आणि खाली तीन शब्द: लास्सा पुर दिर. बोलू दे त्यांना. व्हेनिसच्या व्यापाऱ्यानं आपल्या इथल्या प्रेयसीसाठी बांधलेलं घर, गावात कुजबुज झाली म्हणून ते शब्द, अशी दंतकथा स्थानिक गाईडनं सांगितली. १२८३ पासून १७९७ पर्यंत पिरानवर व्हेनिसची सत्ता होती. अजूनही रस्त्यांची नावं स्लोव्हेनियन आणि इटालियन अशा दोन भाषांत आहेत.

मग गाईड जे म्हणाली त्यानं आईला माझ्याकडे बघायला लावलं, कारण मी भाषांतर करून सांगत होते. ती म्हणाली, या गावातली प्रत्येक सुंदर गोष्ट मिठाच्या पैशावर बांधलेली आहे. मीठ व्हेनिसला जायचं, किंमत व्हेनिस ठरवायचं, आणि वसंत ऋतूत संत जॉर्जचा सण झाला की पिरानची कुटुंबंच्या कुटुंबं होड्यांतून सामान भरून मिठागरावर राहायला जायची. ऑगस्टअखेर संत बार्थोलोम्यूच्या सणाला परत यायची. मिठागरावरच्या घरात खाली मीठ आणि वर माणसं. कोरडं मीठ माणसांच्या पायाखाली साठत जायचं.

दुपारी ज्यांना हवं त्यांच्यासाठी पैसे भरून बोटीची फेरी होती. आम्ही मॅनेजरला सांगितलं की आम्ही बोटीला येत नाही, संध्याकाळी जेवायला हॉटेलात हजर असू. टॅक्सी केली. सोबत गुरुजी निघाले. "मीठ म्हटल्यावर मला यायलाच हवं," ते म्हणाले. त्यांचे मामा १९३० मध्ये शिरोड्याच्या सत्याग्रहाला गेले होते.

सेचोवल्येचा जो भाग अजून चालू आहे त्याला लेरा म्हणतात. दुसरा भाग, फोन्तानिग्गे, साठच्या दशकात सोडून दिला. दूरवर त्याची पडकी घरं दिसत होती, छप्पर नसलेली, खिडक्यांतून आभाळ दिसणारी. आता हे सगळं संरक्षित उद्यान आहे, पक्ष्यांसाठीही. तिकीट काढून आत गेलं की कालव्याकडेनं सरळ वाट आहे. वारा खारट होता. आईनं पायातले बूट काढायची तयारी केली, तेव्हा तिथल्या मार्गदर्शक मुलीनं हसून हात आडवा केला. वाफ्यात पाऊल टाकायचं नाही. बांधावरूनच बघायचं.

"का?" आईनं मला विचारलं. "तुडवल्याशिवाय मीठ येईल कसं?"

मी तो प्रश्न जसाच्या तसा त्या मुलीला विचारला, आणि ती ज्या आनंदानं बोलायला लागली त्यावरून हा प्रश्न तिला कुणी रोज विचारत नसणार. वाफ्याच्या तळाला त्यांनी एक जिवंत सतरंजी वाढवलेली आहे. तिला ते पेतोला म्हणतात. शेवाळासारखे सूक्ष्म जीव, जिप्सम, खनिजं यांचा काही मिलिमीटर जाडीचा थर. तो तयार करायला, जपायला कसब लागतं. चौदाव्या शतकात पाग बेटावरच्या मिठागऱ्यांकडून पिरानचे लोक हे शिकले. या थरामुळे खालचा चिखल मिठात मिसळत नाही, म्हणून मीठ पांढरंशुभ्र निघतं आणि धुवावं लागत नाही. बुटाची एक टाच पडली तर तो थर फाटतो, आणि फाटला की त्या जागी चिखल वर येतो.

मी आईला हे सांगत असताना ती वाकून पाण्याकडे बघत होती. आमच्या मिठाला करडी झाक असायची. व्यापारी त्यावर भाव पाडायचे. वडील घरी येऊन म्हणायचे, "आज पुन्हा रंगावरनं अडलं." आई हलकेच म्हणाली, "यांनी मातीवर गोधडी घातली. आम्ही माती तुडवत बसलो." त्यात खंत होती, पण हेवा नव्हता. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "तुडवण्यातही कसब होतं हो. टाच कुठं मारायची ते कळावं लागतं."

पुढे एक माणूस मीठ ओढत होता. लाकडी फळीला लांब दांडा लावलेलं ओढणं, अगदी आमच्याकडच्यासारखं. तो मागे मागे सरकत फळी स्वतःकडे घ्यायचा, पाण्याखालून पांढरी लाट उठायची आणि वाफ्याच्या मधोमध रास व्हायची. घाई मुळीच नाही. आईनं त्याच्या हाताकडे बघून मान हलवली. "खाली जोर देत नाही बघ. पाण्यावरनं चालवतोय." आमच्याकडे मीठ जाड धरलं की ओढायचं, इथे उन्हाळ्यात हवा साथ देईल तेव्हा जवळजवळ रोज ओढतात, थर जाड व्हायच्या आत. समुद्राचं पाणी भरतीला आत घेतात, मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवत नेतात आणि प्रत्येक टप्प्यावर ते अधिक खारं होत जातं. ही पद्धत दोन्हीकडे एकच. फरक भरतीचा. मुंबईजवळ उधाणाचं पाणी पाच मीटरपर्यंत चढतं. इथल्या समुद्राची भरती-ओहोटी मीटरभराच्या आसपासच. आईला हे पटेना. "मग उघाडी लावतात कशाला?" असं विचारत ती स्वतः जाऊन लाकडी फळ्यांची दारं बघून आली. परत आली आणि म्हणाली, "आहेत. लहान आहेत."

गुरुजी या वेळात गप्प होते. मग मिठाच्या करांबद्दल बोलायला लागले. व्हेनिसनं मक्तेदारी ठेवली, ऑस्ट्रियानं ठेवली. इंग्रजांचा आपला १८८२ चा मिठाचा कायदा होताच. "मीठ ज्याच्या ताब्यात तो राजा," ते म्हणाले. "माझ्या मामांनी मूठभर उचललं म्हणून त्यांना मारलं. शिरोड्याचं मीठ होतं ते, आपल्याच गावचं." त्यांनी बांधावर सांडलेले चार खडे उचलले, मुलीकडे बघितलं, तिनं मान डोलावली, आणि त्यांनी ते जिभेवर ठेवले. आईलाही दिले. मलाही. चवीत मला फार फरक कळला नाही. आई म्हणाली, "कडू नाही." मिठातला कडवटपणा पटकन ओळखणारी ती माझ्या माहितीतली एकटी आहे. आगरावर राहून आलेली जीभ.

"आपल्याकडं आता पाऊस लागला असेल," परतताना ती टॅक्सीत म्हणाली. "वाफे भरले असतील गोड्या पाण्यानं."

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून जास्त किनारा आहे. स्लोव्हेनियाला ४७ किलोमीटरसुद्धा नाही. त्या एवढ्याशा कडेवर त्यांनी मीठ, गाव, गाणं, पक्षी सगळं सांभाळून ठेवलंय. हे मला टॅक्सीत बोलावंसं वाटलं, पण आई डोळे मिटून बसली होती.

पुढच्या सकाळी सहा-सात-आठ. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. चाळीस मिनिटांत समुद्र दिसेनासा झाला आणि कार्स्टचं पठार सुरू झालं. चुनखडीचा प्रदेश. जगभर अशा जमिनीला कार्स्ट म्हणतात ते नाव याच टापूवरून आलं. इथे पाणी जमिनीवर थांबतच नाही, खाली उतरून गुहा कोरतं. पोस्तोयनाच्या गुहेत १८७२ पासून रूळ आहेत, आता छोटी आगगाडी आत नेते. बारा महिने आत दहा अंशांच्या आसपास थंडी. आई नाशिकच्या काकूंसोबत बाहेर चहा घेत बसली. मी जाऊन आले, भव्य आहे. गुरुजींनी गुहेपेक्षा तिच्यात शिरणाऱ्या पिवका नदीचा नाद घेतला. समुद्र इतका जवळ, पण ही नदी जमिनीखालून वाट काढते, नाव बदलत पुढे ल्युब्लियानित्सा होते, आणि शेवटी पूर्वेकडे जाते. "का बरं?" ते स्वतःशीच म्हणाले. वर्गात प्रश्न विचारून थांबतात तसे थांबले आणि उत्तर दिलं नाही.

ब्लेडच्या तळ्याची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. निळसर हिरवं पाणी, मधे बेट, बेटावर चर्च, कड्यावर किल्ला. जवळून ते तसंच आहे, आणि त्याबद्दल लिहायला म्हणूनच अवघड. मला तिथली शांतता आवडली. तळ्यात इंजिनाच्या बोटींना बंदी आहे. बेटावर प्लेत्नातून जातात, सपाट तळाची लाकडी होडी, वर कापडी छत, आणि नावाडी मागे उभा राहून दोन वल्ही मारतो. हा व्यवसाय पिढीजात, ठराविक घराण्यांकडे. बेटावर ९९ दगडी पायऱ्या. इथे लग्न झालं की नवरा नवरीला उचलून त्या चढतो.

आईनं पायऱ्यांकडे बघितलं आणि खालच्या बाकावर बसली. वर चर्चमध्ये घंटा आहे, १५३४ मध्ये पादुआत ओतलेली. दोर ओढून ती वाजवली की इच्छा पूर्ण होते म्हणतात. मी आईला गोष्ट सांगितली. किल्ल्यातल्या एका विधवेनं नवऱ्याच्या आठवणीसाठी सोनंनाणं वितळवून घंटा करवली. बेटाकडे नेताना वादळ झालं, होडी उलटली, घंटा आणि माणसं बुडाली. ती बाई सगळं विकून रोमला गेली, जोगीण झाली. ती गेल्यावर पोपनं तिच्यासाठी दुसरी घंटा पाठवली. वरून सतत टोले येत होते, कुणी जोरात, कुणी लाजत. आई ऐकत बसली होती.

"म्हणजे तिची घंटा खालीच आहे अजून?"

"तसं म्हणतात."

तिनं तळ्याकडे नीट बघितलं. तिनं काही मागितलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

बोहिन्य ब्लेडपासून पाऊण तासाच्या आत आहे आणि तिथे सहलीच्या बसा तुलनेनं कमी येतात. सगळ्यांनी उलट करावं असं मला वाटतं, ब्लेडला तास आणि बोहिन्यला दिवस. हिमनदीनं कोरलेलं हे तळं, चार किलोमीटरहून लांब, ४५ मीटर खोल, देशातलं सगळ्यात मोठं कायमचं नैसर्गिक तळं. तिन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. भोवती घरं फारशी नाहीत. ढगांमागे त्रिग्लाव, २८६४ मीटर. स्लोव्हेनियाच्या झेंड्यावर हाच डोंगर आहे, आणि त्याच्या पायथ्याशी दोन नागमोडी निळ्या रेघा, समुद्र आणि नद्या. गेले सहा दिवस आम्ही त्या दोन रेघांमधूनच फिरत होतो म्हणायचं. बोहिन्यची एक लोककथा मॅनेजरनं सांगितली. देव जमिनी वाटत होता, सगळे भांडत होते. काही माणसं मात्र मुकाट्यानं थांबली होती आणि त्यांना द्यायचं राहूनच गेलं. देवाला वाईट वाटलं, मग स्वतःसाठी राखून ठेवलेला तुकडा त्यानं त्यांना दिला.

तळ्याच्या पूर्व टोकाला संत योहानाचं जुनं चर्च आहे, आणि त्याच्यासमोर दगडी कमानींचा पूल. पाणी तळ्यातून तिथून बाहेर पडतं. पलीकडच्या टोकाला कड्यावरून सावित्सा धबधबा कोसळतो, ते पाणी तळ्यात येतं आणि इथून सावा नदी होऊन निघतं. पुलावर उभं राहिलं की खालचे गोटे मोजता येतील इतकं ते नितळ आहे. मासे हवेत तरंगल्यासारखे.

आई कठड्याला धरून उभी होती. "हे आता त्या मिठागराकडं जाईल ना?"

मलाही तसंच वाटत होतं. सरळ रेषेत एड्रियाटिक समुद्र तिथून जेमतेम साठ किलोमीटर. पण गुरुजींनी मान हलवली. सावा समुद्राकडे पाठ फिरवते. ल्युब्लियानाजवळून, झाग्रेबमधून पार बेलग्रेडला जाते, तिथे डॅन्यूबला मिळते आणि डॅन्यूबबरोबर काळ्या समुद्रात. पोस्तोयनातली पिवकाही शेवटी हिलाच येऊन मिळते. आणि याच डोंगरांच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस सोचा नदीतून थेट एड्रियाटिकला.

"ही तर कृष्णा आहे," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. महाबळेश्वरापासून अरबी समुद्र चौसष्ट किलोमीटर, तरी कृष्णा समुद्राला पाठमोरी होऊन निघते, आमच्या सांगलीवरून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला. आणि तिच्याच शेजारी उगवलेली सावित्री उडी मारून कोकणात. "मुलांना पन्नास वर्षं शिकवलं हे. पोरं विचारायची, सर, तिला जवळचा समुद्र का नको? मी सांगायचो, उतार. उतार तिकडं आहे. बरोबर आहे ते उत्तर. पण मला ते कधी पुरलं नाही."

"आमच्या नद्यांना एवढं चालणं माहीत नाही," आई म्हणाली. "सकाळी डोंगरातनं निघाल्या की संध्याकाळी खाडीत."

"म्हणून तुमच्याकडं मीठ, वहिनी. आमच्याकडं ऊस."

ती हसली. मॅनेजरनं पलीकडून शिट्टी वाजवली, निघायची वेळ झाली होती. गुरुजी हळूहळू बसकडे चालू लागले. आईनं कठड्यावर पडलेली एक वाळकी काडी उचलली, तळ्याच्या बाजूनं पाण्यात टाकली आणि मग दुसऱ्या बाजूला निघाली, ती बाहेर पडताना बघायला. रस्ता ओलांडायचा, दोन्हीकडे बघायचं, गुडघे दुखरे. मी तिचा हात धरला. आम्ही पलीकडच्या कठड्याशी पोचलो तेव्हा काडी कधीच निघून गेली होती. खाली नुसतं हिरवं पाणी, कमानीतून सुटणारं.

तिकडे मॅनेजर डोकी मोजत होता. बत्तीस भरली असावीत. त्यानं आमच्याकडे बघून हात वर केला.

"दोन मिनिटं म्हणावं," आई म्हणाली, आणि खाली बघत राहिली.